छाननीच्या टेबलावरून

जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचा निवडणूक कार्यक्रम पार पडला होता. त्यांची पाच वर्षं भरली आणि या सदराच्या टपालाचा रंगच पालटला. एरवी वारसनोंद, घरकुल, बांधाची भांडणं. आता पॅनल, प्रभाग आणि भावकी. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून छाननीला बसून दोन्ही पॅनलच्या शिव्या खाल्ल्या. त्या भांडवलावर उत्तरं देते. पत्रं थोडी कापली आहेत, गावांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

ताई, आमच्या प्रभागाच्या यादीत मयत माणसं आहेत आणि पुण्याला कायमची गेलेली अख्खी घरं आहेत. गावच्या ग्रुपवर यावरून रोज जुंपते. निम्मे म्हणतात, बाहेर असले तरी गावचेच आहेत. निवडणूक अधिकाऱ्यानं ही नावं का काढली नाहीत? – एक तरुण मतदार, सातारा जिल्हा

कारण ते त्याच्या हातात नसतं. ग्रामपंचायतीची वेगळी मतदार यादी कोणी तयार करत नाही. ठरवून दिलेल्या तारखेला विधानसभेची यादी जशी असेल तशी घ्यायची आणि प्रभागवार फोडायची, एवढंच तहसील कार्यालयात होतं. प्रारूप यादी चावडीवर लागली की हरकत घेता येते ती या फोडण्यातल्या चुकीवर. म्हणजे दोन नंबरच्या प्रभागातलं घर तीनमध्ये गेलं, विधानसभेच्या यादीत असलेलं नाव इथे गळालं, छापताना आडनाव चुकलं. मयताचं नाव काढा असा अर्ज घेऊन त्या दिवसांत आलेल्या माणसांना मी परत पाठवलेलं आहे. बाई विकली गेली, हेही ऐकून घेतलेलं आहे.

नाव काढायला नमुना ७, नवीन नावाला नमुना ६, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना ८. हे अर्ज बाराही महिने चालतात, आणि तुमच्या गावचा बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी, हे बहुधा शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीच्या ताई. त्यांना विचाराल तर सांगतील की मयताच्या घरचे दाखला देत नाहीत. यादीतलं नाव कापलं की माणूस पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटतं घरच्यांना. म्हणून बापाचं नाव दहा दहा वर्षं यादीत राहतं. मग एखाद्या निवडणुकीला त्या नावापुढे सही पडलेली दिसते आणि तेच घर बोंब मारतं.

आता पुण्याची घरं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट आहे की गावात घर आहे, जमीन आहे, एवढ्यावर माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, आणि खोटं निवेदन देऊन नाव नोंदवलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. पण याच कायद्यात दुसरी बाजूही आहे. तात्पुरता बाहेर गेलेला माणूस रहिवासी राहतोच. बीडचा ऊसतोड मजूर दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या तळावर जातो आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, परत येतो. त्याचं मत गावातच. जानेवारीत निवडणूक लागली की मुकादमाला फोन करून ट्रॅक्टरभर माणसं गावी आणायची धावपळ असते, ती याच मतांसाठी. या मजुरात आणि पुण्यात फ्लॅट घेऊन तिथल्या महापालिकेलाही मत देणाऱ्यात फरक आहे. माझं विचाराल तर नळाला पाणी चार दिवसांनी येवो की आठ, ज्याला त्यानं काहीच फरक पडत नाही, त्यानं सरपंच ठरवू नये. जत्रेला यावं, वर्गणी द्यावी, पुरणपोळी खाऊन जावं.

ग्रुपवरचं भांडण थांबवा आणि नमुना ७ भरा. अर्जाची पोच घ्या. पोच नाही तर तुमचा अर्ज म्हणजे पारावरची गप्पाच.

आमच्या आईनं एका पॅनलकडून पैसे घेतले. देताना त्यांनी तिला देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावला. आता तिला मत दुसऱ्याला द्यायचं आहे, पण रात्रभर झोप नाही. शपथ मोडली तर घरादाराचं वाटोळं होईल म्हणते. तिला काय सांगू? – नाव न छापण्याच्या अटीवर, सोलापूर जिल्हा

आधी तिला हे सांगा की तुमच्या देवाची बाजू कायद्यानंही घेतलेली आहे. मतदाराला 'अमक्याला मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल' असं भासवणं हा गुन्हा आहे. इंग्रजांच्या काळापासून दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्येही आहे. त्याला गैरवाजवी दडपण म्हणतात आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे शपथ मोडणारी आई गुन्हेगार नाही. बेलभंडारा हातावर ठेवणारा गुन्हेगार आहे.

पैशाचं मात्र तसं नाही. तिथे देणारा आणि घेणारा दोघंही कलम १७० मध्ये येतात. मी तुमच्या आईला घाबरवत नाही, पण 'आपलेच पैसे आहेत, घ्या आणि मत हव्या त्याला द्या' हे जे शहाणे लोक व्यासपीठावरून सांगतात, त्यांनी हे कलम वाचलेलं नसतं. गंमत म्हणजे खाऊ-पिऊ घातलं, मटणाचं जेवण दिलं, तर तीही लाचच, पण तिला नुसता दंड आहे, कैद नाही. आमच्याकडच्या पॅनलप्रमुखांना कलमाचा नंबर सांगता येत नाही, पण ढाबा कोणता हे आधीपासून ठरलेलं असतं. त्यामागे हेच असावं.

आईची खरी भीती वेगळी असणार, आणि ती खोटी नाही. विधानसभेला कोणी कोणाला मत दिलं हे समजत नाही. ग्रामपंचायतीच्या प्रभागात चार-पाचशे मतं. मतदानाच्या आदल्या रात्री पॅनलच्या घरात चटईवर यादी पसरलेली असते, प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं बरोबर, फुली नाहीतर प्रश्नचिन्ह. निकालाच्या दिवशी आकडा आठ मतांनी कमी आला की ती यादी पुन्हा उघडते आणि फुटलेली घरं शोधली जातात. अंदाज बांधतात, आणि निम्मे अंदाज चुकतात. यंत्रातलं मत कोणाचं ते यंत्रालाही माहीत नसतं. आईला सांगा, कोणी विचारलं तर 'तुम्हालाच दिलं' म्हणायचं आणि भाकऱ्या थापायला बसायचं. सगळं गाव हेच करतं. जिंकलेल्याला मिळालेल्या मतांपेक्षा 'तुम्हालाच दिलं' म्हणणारे नेहमी जास्त निघतात.

पैसे परत करता आले तर करावेत. देवळात नेऊन, त्याच पुजाऱ्यासमोर.

निकालाच्या दिवशी टीव्हीवर प्रत्येक पक्ष म्हणतो आमच्या सर्वाधिक ग्रामपंचायती आल्या. सगळे मिळून बेरीज केली तर राज्यात आहेत त्यापेक्षा जास्त भरते! खरं कोण? – निवृत्त शिक्षक, जळगाव

गुरुजी, कोणीच नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कपबशी, शिट्टी, छत्री असली मुक्त चिन्हं असतात आणि नामनिर्देशनपत्रावर पक्षाचा संबंध नसतो. एकाच पॅनलमध्ये थोरला भाऊ एका पक्षाचा, धाकटा दुसऱ्याचा. संध्याकाळी ते पॅनल दोन्ही आमदारांकडे हार घालून घ्यायला जातं आणि दोन्हीकडे मोजलं जातं.

आमच्या गावात पुढाऱ्यांनी ठरवलं आहे की निवडणूक बिनविरोध करायची. जो देवळाच्या जीर्णोद्धाराला जास्त रक्कम देईल तो सरपंच. खर्च वाचतो, भांडणं टळतात, देऊळ उभं राहतं. यात वाईट काय? शहरातली माणसं उगाच नाकं मुरडतात. – एक ज्येष्ठ ग्रामस्थ, नाशिक जिल्हा

काका, तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत देवळा तालुक्यातल्या उमराण्यात अशीच बोली लागली. रामेश्वर मंदिरासाठी, आणि आकडा दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या आल्या. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत ४२ लाख. बोलीची चित्रफीत फिरली, अहवाल मागवले गेले आणि राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. बिनविरोध होण्याच्या हव्यासात बिनसरपंचाचं व्हायची वेळ आली.

कायद्याचं सांगायचं तर उभं राहणं, न राहणं, अर्ज मागे घेणं हाही मतदानासारखाच निवडणुकीतला हक्क मानलेला आहे. त्यासाठी देवघेव झाली की ती लाच. पैसे कोणाच्या खिशात गेले की देवळाच्या दानपेटीत, यानं कलम बदलत नाही.

पण तुमचा प्रश्न कायद्याचा नाही. तुम्ही विचारता, वाईट काय. बोलीच्या दिवशी देवळाच्या मंडपात कोण बसलं होतं ते आठवा. पुढे खुर्च्यांवर ठेकेदार, वाळूवाले, कांद्याचे व्यापारी. मागे सतरंजीवर बाकीचं गाव. बाया दिसल्या का? दिसल्या असतील तर पायऱ्यांवर, चप्पल सांभाळत. वस्तीवरचं कोणी? राखीव जागेसाठीही बोली लागते, आणि तेव्हा राखीव माणूस नावाला असतो, त्याच्या वतीनं पैसे मोजणारा दुसराच. आणि काका, जो माणूस वीस-पंचवीस लाख मोजून सरपंच होतो, त्याचं मानधन किती असतं? सप्टेंबर २०२४ ला दुप्पट करूनही दोन हजारांपर्यंतच्या वस्तीच्या गावात महिन्याला ६ हजार, आठ हजारांपर्यंत ८ हजार, त्याच्या वर १० हजार. पाच वर्षांचं गुणून बघा. उरलेली रक्कम तो कुठून काढणार? गटारीच्या कामातून, पाणी योजनेच्या पाइपातून. तुमचं देऊळ तुमच्याच गटारीच्या पैशावर उभं राहतं, फक्त मध्ये एक माणूस कळस चढवून घेतो.

खरं बिनविरोध मी पाहिलेलं आहे. सगळ्या आळ्यांची माणसं बसतात, जागा वाटून घेतात, एखाद्या भांडखोराला उपसरपंचपद देऊन गप्प करतात, आणि शेवटच्या दिवशी अर्ज मागे घ्यायला ट्रॅक्टरनं तहसीलला येतात. तिथे चहा मी पाजलेला आहे. तसं जमत असेल तर जरूर करा. जमत नसेल तर होऊ द्या निवडणूक. भांडणं टळतात म्हणता, पण टळत नाहीत, आत मुरतात आणि पुढे पाणीपट्टीवरून बाहेर पडतात.

आमच्या नगरपरिषदेत प्रभागातले दोन्ही उमेदवार नालायक. सगळ्यांनी नोटा दाबला तर काय होईल? – कॉलेजचा विद्यार्थी

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं आदेश काढला. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायतीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा. दुसऱ्यांदाही नोटाच पुढे राहिला तर मात्र त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. आणि नगरपरिषदेत तुमची बहुधा तीन मतं असतात, दोन प्रभागाची, एक नगराध्यक्षाचं. डिसेंबर २०२५ च्या मतदानात कित्येक जण एक बटण दाबून निघाले आणि केंद्राध्यक्षांना हाका माराव्या लागल्या. नालायक दोघंच असतील तर नोटाही तेवढ्यापुरताच दाबा, बाकीची मतं वाया घालवू नका.

मी महिला राखीव जागेवर सरपंच झाले. बारावी शिकले आहे. पण कारभार मालकच बघतात. सभेत तेच बोलतात, लोकही त्यांनाच सरपंच म्हणतात. मी बोलले तर घरात अबोला. मला खरंच काम करायचं आहे. – एक सरपंच, मराठवाडा

सगळ्यात आधी एक विचारते. तुमचं डीएससी कुठे आहे?

वाचकांना सांगायला हवं. वित्त आयोगाचा पैसा आता चेकबुकानं निघत नाही. ई-ग्रामस्वराजवर देयक चढवायचं आणि दोन डिजिटल सह्या करायच्या, एक ग्रामसेवकाची (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आणि एक सरपंचाची. ही सही, म्हणजेच डीएससी, पेनड्राइव्हसारख्या छोट्या डोंगलमध्ये असते. गावोगाव काय दिसतं? बाई सरपंच, तिचं डोंगल संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये, पिन कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून डोंगललाच रबरानं बांधलेली, आणि नोंदवलेला मोबाईल नवऱ्याचा. बाई घरी ज्वारी निवडत असते आणि तिकडे तिच्या सहीनं चार लाखांचं देयक निघतं.

उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर वसुली कोणावर लागेल? जिची सही तिच्यावर. नवऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढण्यापर्यंत. ही एवढी गोष्ट मालकांना नीट समजावून सांगा, शांतपणे, जेवण झाल्यावर. हक्काच्या भाषेनं घरात अबोला येतो, बोज्याचं नाव काढलं की माणूस पाठ ताठ करून बसतो.

मग डोंगल आणि पिन स्वतःकडे घ्या, मोबाईल नंबर बदलून घ्या. मासिक सभेत बसायचा अधिकार सदस्यांना आहे, सदस्यांच्या नवऱ्यांना नाही. पहिल्या सभेत त्यांना उठवू नका, ते जमायचं नाही. इतिवृत्त वाचून घ्या, मोठ्यानं, तुमच्या तोंडून. ज्या कागदावर सही करायची तो घरी आणून वाचायची सवय लावा. नमुना ५ ची रोकडवही महिन्याला एकदा समोर मागा. ग्रामसेवक पहिल्यांदा म्हणतील 'भाऊंना दाखवली आहे'. म्हणा, मला दाखवा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कागदावर उरकू नका, खरंच घ्या. गावातल्या पन्नास बाया तुमच्यासमोर पाण्याबद्दल बोलल्या की त्या पुढच्या वेळी पाण्यासाठी तुमच्याच दारात येतील, भाऊंच्या नाही. लोक सरपंच कोणाला म्हणतात ते तिथून बदलतं. मी बदललेलं पाहिलं आहे. सगळीकडे नाही, पण पाहिलं आहे.

पुढच्या पत्रात डोंगल कुठे आहे ते कळवा.

सरपंच थेट जनतेतून एका पॅनलचा, सदस्य जवळपास सगळे आमचे. अविश्वास आणून त्याला घालवता येईल का? आमच्यात रोज चर्चा चालते. – एक सदस्य, अहिल्यानगर जिल्हा

चर्चा चालू द्या, पण कॅलेंडर बघा. थेट सरपंचाची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. म्हणून गावात प्रत्येक जण वेगळा नियम सांगतो आणि प्रत्येकाचा कधी ना कधी बरोबर होता. थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, मुदत संपायच्या आधीचे सहा महिनेही नाही. मधल्या काळात तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर केला तरी काम संपत नाही. तो विशेष ग्रामसभेसमोर जातो आणि तिथे मतदार गुप्त मतदानानं शिक्कामोर्तब करतात. ज्या गावानं त्याला निवडलं त्याच गावाला पुन्हा विचारायचं. बंद खोलीत सदस्य फोडून सहलीला नेण्याचा जुना धंदा त्यामुळे बसला, हे मला तरी बरंच झालं असं वाटतं. तुमचे सदस्य जास्त आहेत ना? मग मासिक सभेत कामं अडवू नका, कामं मांडा. अडवणारे सदस्य पुढच्या वेळी गावाला आठवतात.

मला उभं राहायचं आहे. वडिलांनी पूर्वी गायरानात घर बांधलं, आम्ही तिथेच राहतो. अतिक्रमण माझं नाही, मग अडचण येईल का? – एक इच्छुक

येईल. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४(१)(ज-३) मध्ये सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाची अपात्रता आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अतिक्रमण घरच्यांनी केलेलं असलं तरी त्यात राहून उपभोग घेणारा सुटत नाही. छाननीला कोणी बोललं नाही तरी निवडून आल्यावर हरलेला माणूस जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो, आणि तो अर्ज बहुतेक वेळा गुलाल धुवायच्या आतच तयार असतो. सोबत हेही तपासा. घरात शौचालय आहे आणि वापरात आहे ना, पट्टीची बिलं वेळेत भरली ना, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य नाही ना, आणि जन्म १९९५ किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पास आहात ना. थकबाकी अर्जाच्या आदल्या दिवशी भरणारे फार. भरा, पण पावतीवरची तारीख वाचून घ्या.

मी सदस्यपदाला उभा होतो, अकरा मतांनी पडलो. आता खर्चाचा हिशेब मागतात. हरलेल्यानं कशाला द्यायचा? – एक पराभूत उमेदवार

कारण कायद्यात 'उमेदवार' लिहिलं आहे, 'विजयी उमेदवार' नाही. निकालापासून तीस दिवसांत हिशेब दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं, आणि मग पुढच्या वेळी ती अकरा मतं भरून काढायला तुम्ही नसाल. खर्चाची मर्यादाही ग्रामपंचायतीच्या सदस्यसंख्येप्रमाणे ठरलेली असते. झेरॉक्स, फलक, रिक्षा, चहा, सगळं लिहा. चहावाल्याकडून पावती आजच घ्या, महिनाभरानं त्याला तुमचा एकही कप आठवणार नाही.